कॅलामाइन लोशन: कीटकदंशाच्या खाजेवर ही गुलाबी बाटली कितपत कामाची?

औषधाच्या कोणत्याही दुकानात, अगदी तालुक्याच्या बसस्थानकासमोरच्या छोट्या मेडिकलमध्येही, चिठ्ठीशिवाय सहज मिळणारे कॅलामाइन लोशन बहुतेक घरांत कधी ना कधी येऊन गेलेले असते. कांजिण्या, घामोळे, उन्हाने रापलेली कातडी आणि डास चावून उठलेल्या गांधी अशा सगळ्यांवर ते लावले जाते आणि त्यामुळेच त्याच्याविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. कोणी म्हणते, हे लावले की दुसरे काही लागत नाही. कोणी म्हणते, ते नुसते रंगीत पाणी आहे. कोकणातल्या घरात पावसाळाभर ही बाटली वापरल्यावर माझे मत या दोहोंच्या मध्ये येते, पण नेमके मध्यावर येत नाही. चाव्याची खाज साधी असेल तर हे लोशन पुरते. ॲलर्जीची प्रतिक्रिया मोठी असेल तर ते एकटे पुरे पडत नाही, आणि तरीही दुकानात त्याच्या शेजारच्या फळीवर ठेवलेल्या बऱ्याच ट्यूबांपेक्षा ते घरात असणे केव्हाही बरे.

या लोशनकडून काय अपेक्षा ठेवावी हे कळण्यासाठी खाज कशी सुटते ते थोडे पाहावे लागते. रक्त शोषताना ते गोठू नये म्हणून डासाची मादी त्वचेत लाळ सोडते. त्या लाळेतील प्रथिनांना शरीर परके मानते आणि त्वचेतील मास्ट नावाच्या संरक्षक पेशींमधून हिस्टामिन हे खाज आणि सूज आणणारे रसायन बाहेर पडते. मग काही मिनिटांतच फुगीर, फिकट गांध उठते, तिच्याभोवती लाली पसरते आणि खाज सुटते. ही गांध साधारण वीस मिनिटांत सर्वांत मोठी होते आणि पुढे काही वेळात ओसरू लागते. पण पुष्कळांच्या बाबतीत दुसऱ्या दिवशी त्याच जागी कडक, लालसर, भयंकर खाजणारी पुळी येते आणि ती कित्येक दिवस मुक्काम ठोकते. ही उशिराची प्रतिक्रिया हिस्टामिनपेक्षा रक्तातील पांढऱ्या पेशींच्या हालचालीवर अधिक अवलंबून असते, त्यामुळे पहिल्या गांधीवर जे औषध लगेच लागू पडते ते दुसऱ्या दिवसाच्या पुळीवर तितकेसे चालत नाही. ‘काल या लोशनने बरे वाटले, आज का वाटत नाही’ या तक्रारीचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते.

एकाच ओटीवर बसलेल्या चौघांपैकी एकाचाच हात टम्म फुगतो आणि बाकीच्यांना काही होत नाही, याचेही कारण आहे. केनेथ मेलनबी या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४६ साली हा क्रम मांडला. डासाच्या एखाद्या प्रजातीशी पहिल्यांदाच गाठ पडते तेव्हा त्वचा काहीच दाद देत नाही. मग फक्त उशिराची पुळी येऊ लागते. पुढे तत्काळ गांध आणि उशिराची पुळी अशा दोन्ही येतात. त्यानंतर पुळी थांबून फक्त गांध उरते, आणि वर्षानुवर्षे चावे खाल्ल्यावर तीही थांबते. गणपतीला मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांच्या मुलांचे पाय दोन दिवसांत ठिपक्याठिपक्यांचे होतात आणि गावातली मुले त्याच अंगणात उघड्या पायांनी खेळत असतात, हे चित्र कोकणात कोणालाही नवे नाही. मुंबईत डास नाहीत असे कोणी म्हणणार नाही, पण लाळेतील प्रथिने प्रजातीगणिक थोडी वेगळी असतात, आणि गावच्या गवतात, गोठ्यात, पडवीत डासांखेरीज पिसवा, चिलटे, लाल मुंग्या असा बराच गोतावळा असतो. परदेशात वाढलेल्या नातवंडांचे तर विचारायलाच नको.

लहान मुलांचा प्रश्न जरा वेगळा आणि जास्त चिवट असतो. साधारण दोन ते दहा वर्षांच्या काही मुलांना चाव्यांची अशी ॲलर्जी असते की हातापायांवर खाजऱ्या पुळ्यांचे घोस येतात, आणि एक नवा चावा झाला की आठवड्यापूर्वीच्या वाळत आलेल्या पुळ्याही पुन्हा लाल होऊन खाजू लागतात. त्वचारोगतज्ज्ञ याला पॅप्युलर अर्टिकेरिया म्हणतात. घरात मात्र ‘उष्णता बाहेर पडतेय’, ‘रक्त बिघडलेय’, ‘अंडे बाधले’ असे निदान होते, आंबा बंद होतो, शेंगदाणे बंद होतात आणि रक्तशुद्धीचे कडू सिरप सुरू होते. घरातल्या फक्त एकाच मुलाला पुरळ येते, मग डास कसे असतील, असा युक्तिवाद हमखास केला जातो. पण चावे सगळ्यांनाच होत असतात, ॲलर्जी त्या एकट्यालाच असते. पुळ्या उघड्या भागांवर असतील आणि चड्डीच्या आतल्या भागावर नसतील, तर ताटातल्या पदार्थांच्या मागे लागण्याआधी खिडकीच्या जाळीकडे पाहावे. बहुतेक मुलांचा हा त्रास वाढत्या वयाबरोबर आपोआप कमी होतो, आणि तोवरचा काळ निभावून न्यायला ज्या चार गोष्टी लागतात त्यांत कॅलामाइन एक आहे.

आता प्रत्यक्ष बाटलीकडे वळते. कॅलामाइन म्हणजे झिंक ऑक्साइडमध्ये अगदी थोडे फेरिक ऑक्साइड मिसळलेली भुकटी. गुलाबी रंग त्या लोहाचा आहे, त्यात वरून घातलेला रंग नसतो. ब्रिटिश औषधसंहितेच्या सूत्रात शंभर भागांमध्ये कॅलामाइन १५, झिंक ऑक्साइड ५, ग्लिसरीन ५, बेंटोनाइट नावाची माती ३, आणि सोडियम सायट्रेट व फिनॉल प्रत्येकी अर्धा भाग असतो. उरलेले सगळे पाणी. अमेरिकी सूत्रात कॅलामाइन आणि झिंक ऑक्साइड प्रत्येकी ८ टक्के असतात. आपल्याकडच्या बाटल्यांवरची आकडेवारी कंपनीगणिक बदलते, म्हणून चष्मा लावून ती एकदा वाचावी. फिनॉल असेल तर झाकण उघडताच दवाखान्याच्या फरशीचा तो ओळखीचा वास येतो. काहींना तो नकोसा वाटतो, मला त्यावरूनच बाटली जुन्या पद्धतीची असल्याची खात्री पटते.

बाटली काही दिवस कपाटात उभी राहिली की तळाशी गुलाबी गाळ दाट बसतो आणि वर जवळजवळ स्वच्छ पाणी तरंगते. लेबलवर ‘वापरण्यापूर्वी चांगले हलवा’ असे लिहिलेले असते ते याचसाठी. न हलवता वरचे पाणी लावले तर त्यात औषध जवळपास नसतेच, आणि बाटली संपत येईल तेव्हा उरलेला चिखल त्वचेवर पोपडे धरतो. ‘नुसते रंगीत पाणी’ असे म्हणणाऱ्यांपैकी निदान काहींनी बाटली हलवलेली नसावी, अशी माझी दाट शंका आहे. बाटली उलटी करून तळाचा गाळ सुटेपर्यंत हलवावी, कापसाच्या बोळ्यावर थोडे ओतावे आणि न चोळता टिपत टिपत लावावे, कारण चोळण्यानेच मास्ट पेशी पुन्हा डिवचल्या जातात आणि बसलेली खाज उठते. बोळा बाटलीच्या तोंडाला लावू नये. अंगावरची घाण आत जाते.

लावल्यावर पहिली काही मिनिटे खरा आराम मिळतो. लोशनमधले पाणी उडून जाताना त्वचेची उष्णता घेऊन जाते आणि तो गारवा खाजेच्या संवेदनेवर मात करतो. पाणी उडाले की फिकट गुलाबी, खडूसारखा थर उरतो. हा थर ओलसर, पाझरणारी पुळी कोरडी करायला मदत करतो आणि, मुलांच्या बाबतीत हे फार महत्त्वाचे आहे, नख आणि कातडी यांच्यामध्ये एक पातळ आडोसा धरतो. पण गारवा गेल्यावर खाजेवरचा ताबाही सैल होतो. म्हणून ते दिवसातून तीन-चार वेळा लावावे लागते आणि झोपण्यापूर्वीची पाळी चुकवून चालत नाही. कोपरापासून मनगटापर्यंत सुजलेला हात मात्र या लोशनने उतरत नाही. लोशनला हिस्टामिन अडवता येत नाही की पांढऱ्या पेशींची धावपळ थांबवता येत नाही. कीटकदंशावर कॅलामाइनचा परिणाम सिद्ध करणारा शास्त्रीय पुरावाही तोकडाच आहे. त्याची शिफारस आजवर टिकली ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरामुळे आणि ते जवळपास निरुपद्रवी असल्यामुळे.

गैरसोयी आहेत. केसाळ पायांवर ते गुठळ्या धरते. वाळलेला थर ताणला की भेगा पडतात आणि त्याची पूड चादरीवर झडते. काळ्या कपड्यांवर गुलाबी डाग दिसतात, पण ते धुतल्यावर जातात. ज्यांची कातडी मुळातच कोरडी, विशेषतः वयस्कर माणसांची, त्यांना वारंवार लावल्याने त्वचा आणखी रखरखीत होऊन खाज उलट वाढू शकते. अशांनी आंघोळीनंतर साधे खोबरेल तेल किंवा मॉइश्चरायझर वापरावे आणि कॅलामाइन फक्त ताज्या गांधींपुरते ठेवावे. खाजवून फोडलेल्या, रक्त आलेल्या जागेवर, डोळ्यांच्या कडेला किंवा ओठांवर ते लावायचे नसते.

दुकानात ‘कॅलामाइन द्या’ एवढेच म्हटले तर हातात काय पडेल याचा नेम नसतो, ही या उत्पादनाची मोठी अडचण आहे. एक जुन्या धाटणीचे, पाण्यासारखे पातळ, तळाशी बसणारे लोशन. दुसरे कॅलामाइनसोबत कोरफड आणि लाइट लिक्विड पॅराफिन हे खनिज तेल घातलेले, दुधासारखे दाट. तिसरे चेहऱ्याचा तेलकटपणा घालवण्यासाठी विकले जाणारे सौंदर्यप्रसाधन. आणि चौथे, डायफेनहायड्रामिन हे हिस्टामिनविरोधी औषध मिसळलेले. दुसऱ्या प्रकाराने त्वचा कोरडी पडत नाही, पण पॅराफिनमुळे पाणी सावकाश उडते आणि तो पहिल्या मिनिटांचा गारवा बराच कमी होतो; कोरड्या कातडीच्या आजी-आजोबांसाठी तोच घ्यावा, ताज्या चाव्यांसाठी मी पहिलाच घेईन. तिसऱ्याचा चाव्यांशी फारसा संबंध नाही. चौथ्याबाबत सावध राहावे असे मला वाटते. त्वचेवर लावलेली हिस्टामिनविरोधी औषधे काही जणांमध्ये स्वतःच संपर्काची ॲलर्जी निर्माण करतात, आणि लहान मुलाच्या अंगभर, विशेषतः कांजिण्यांमध्ये, असे लोशन चोपडले तर औषध त्वचेतून रक्तात जाऊन अपाय होऊ शकतो. मुलाला तोंडावाटेही तेच औषध चालू असेल तर धोका आणखी वाढतो. ज्या खाजेसाठी लावायचे तीच खाज लावल्याने होणे, असला आतबट्ट्याचा व्यवहार नको.

हिस्टामिनला अडवायचे असेल तर तोंडावाटे घेण्याची गोळी हा सरळ मार्ग आहे, आणि मोठ्या प्रतिक्रियेत कॅलामाइनची उणीव भरून निघते ती इथेच. सेटिरिझिन हे जुने, स्वस्त आणि राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीतले औषध. प्रौढांसाठी नेहमीची मात्रा दिवसातून एकदा १० मिलिग्रॅम. लेव्होसेटिरिझिन त्याचाच सख्खा भाऊ, त्याची मात्रा निम्मी म्हणजे ५ मिलिग्रॅम. फिनलंडमध्ये, जिथे उन्हाळ्यात डासांचा सुळसुळाट असतो, १९९०च्या दशकात झालेल्या अभ्यासांत असे दिसले की चाव्यांची ॲलर्जी असलेल्यांनी सेटिरिझिन आधीच घेतले तर गांधी लहान येतात आणि खाजही कमी सुटते. म्हणजे ज्याला आपले पाय सुजणार हे माहीत आहे त्याने सूज आल्यावर धावपळ करण्यापेक्षा, डॉक्टरांना विचारून, गावी जाण्याच्या दिवसांत ही गोळी आधीपासून घेणे शहाणपणाचे. सेटिरिझिनने काहींना झोप येते. रात्री घेतली तर ती अडचण न राहता सोयच होते, पण गाडी चालवणाऱ्याने सकाळी घेऊ नये. त्याच गटातल्या फेक्सोफेनाडिनने झोप फारशी येत नाही. मात्र ती गोळी संत्र्याच्या, मोसंबीच्या किंवा सफरचंदाच्या रसाबरोबर घेतली तर शरीरात नीट शोषली जात नाही, साध्या पाण्याबरोबरच घ्यावी. मुलांची मात्रा वयावर आणि वजनावर ठरते, ती बालरोगतज्ज्ञाकडूनच घ्यावी. मोठ्यांच्या गोळीचा अर्धा तुकडा हा हिशेब मुलांना लावू नये. गरोदर व स्तनदा महिलांनी आणि मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनीही विचारल्याशिवाय घेऊ नये.

दुसऱ्या दिवसाच्या त्या कडक पुळीवर गोळीही अर्धीच चालते. तिथे उपयोगी पडते ते सौम्य स्टेरॉइडचे मलम, म्हणजे १ टक्का हायड्रोकॉर्टिसोन, दिवसातून एक-दोनदा, फक्त पुळीवर, मोजके दिवस. चेहऱ्यावर, जांघेत किंवा लहान बाळाला लावायचे तर डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

आणि इथेच औषधाच्या दुकानातला तो नेहमीचा प्रसंग घडतो. मी कॅलामाइन मागते. काउंटरमागचा मुलगा एक नजर माझ्या हातावरच्या चट्ट्यांकडे टाकतो, ड्रॉवरमधून एक ट्यूब काढतो आणि म्हणतो, “ताई, त्याने काय होणार? हे घेऊन जा, दोन दिवसांत साफ.” ट्यूबच्या मागे बारीक अक्षरांत क्लोबेटासोल, निओमायसिन, मायकोनाझोल असे तीन-चार घटक लिहिलेले असतात: एक अतिशय तीव्र स्टेरॉइड, एक प्रतिजैविक, एक बुरशीविरोधी औषध. मुलगा खोटे बोलत नसतो. दोन दिवसांत पुळी खरोखर साफ होते. पुढे घरातले कोणीही कुठल्याही खाजेवर तीच ट्यूब पिळू लागते, पावसाळ्यात जांघेत आलेल्या नायट्यावरही. स्टेरॉइडने नायट्याची खाज दबते, बुरशी मात्र आतल्या आत पसरत राहते आणि मग ती कोणत्याच औषधाला नीट दाद देईनाशी होते. भारतभर गेल्या काही वर्षांत चिवट झालेल्या नायट्याच्या साथीमागे अशा मिश्र मलमांचा मोठा हात असल्याचे त्वचारोगतज्ज्ञ सातत्याने सांगत आले आहेत. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेने या गैरवापराविरुद्ध स्वतंत्र कृतिगट नेमला, आणि २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या औषधांच्या वर्गात टाकली. कागदावर नियम आहे; काउंटरवर तो दिसेलच असे नाही. चेहऱ्यावर लावल्याने कातडी पातळ होणे, लालसर शिरा दिसणे, मुरुमे येणे हे दुष्परिणाम वेगळेच, आणि निओमायसिनची स्वतःची संपर्क-ॲलर्जीही पुष्कळांना असते. साध्या डासाच्या चाव्यावर असली ट्यूब म्हणजे चिलट मारायला तोफ.

घरगुती उपायांपैकी बर्फ सर्वांत उत्तम आणि फुकट आहे. कापडात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरला की सूज आणि खाज दोन्ही हटतात, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पहिल्या अर्ध्या तासात तो कॅलामाइनपेक्षा सरस ठरतो. मेंथॉल आणि कापूर असलेला डोकेदुखीचा बाम, ज्यांतला अमृतांजन १८९३ साली मुंबईतच जन्माला आला, तोही खाज दडपतो, कारण मेंथॉल त्वचेतील गारव्याची जाणीव करून देणाऱ्या मज्जातंतूंना फसवतो. पण खाजवून सोललेल्या जागेवर तो लावला तर माणूस नाचतो, आणि लहान बाळांच्या नाकाजवळ कापूर-मेंथॉल नेऊच नये. गांधीलमाशीच्या डंखावर पानाचा चुना लावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. चुना दाहक असतो, त्याने कातडी भाजते आणि डंखाचे विष त्याने उतरत नाही. टूथपेस्ट, न मिसळलेले जंतुनाशक, कांद्याचा रस यांच्याविषयी शब्द खर्च करण्यात अर्थ नाही. अलीकडे ऑनलाइन मिळणारी बॅटरीवरची पेनसारखी उपकरणे चाव्याच्या जागेला काही सेकंद ५१ अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता देतात. युरोपात ती बरीच वापरली जातात आणि अनेकांना त्यांनी चटकन आराम पडतो, पण एका पेनच्या किमतीत कॅलामाइनच्या कितीतरी बाटल्या येतात. त्याची नक्कल म्हणून गरम चमचा टेकवण्याचे जे व्हिडिओ फिरतात त्यांच्या नादी लागू नये. चमच्याचे तापमान कोणी मोजत नाही आणि भाजलेला डाग चाव्यापेक्षा जास्त टिकतो.

काही गोष्टींवर मात्र ही बाटली उघडण्यात वेळ घालवू नये. पावसाळ्यात दिव्याभोवती येणारा, काळ्या-नारिंगी पट्ट्यांचा, मुंगीसारखा लांबट पेडेरस नावाचा कीटक चावत नाही; तो मानेवर बसला की आपण नकळत चिरडतो आणि त्याच्या अंगातले पेडेरिन हे दाहक द्रव्य कातडीवर पसरते. एक-दोन दिवसांनी भाजल्यासारखा लांबट लाल पट्टा आणि त्यावर फोड येतात. त्याला फुंकर मारून उडवावे, चिरडला गेलाच तर जागा ताबडतोब साबण-पाण्याने धुवावी आणि तो हात डोळ्यांना लावू नये. रानात जाऊन आल्यावर गोचीड चिकटलेली दिसली तर तिच्यावर तेल, रॉकेल, लोशन काहीही न ओतता बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. सिंधुदुर्गात, दोडामार्गच्या बाजूला २०१६पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो पसरतो गोचिडींमुळेच, तेव्हा त्या भागात चाव्यानंतर ताप आला तर दवाखाना गाठावा. तसेच अंगावर सिगारेटने भाजल्यासारखी काळी, न दुखणारी खपली आणि सोबत ताप असेल तर स्क्रब टायफसची शंका घ्यावी लागते. २०१८ साली नागपूर आणि आसपासच्या भागात त्याची साथ येऊन गेली आहे. चिगर या बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो, वेळेत ओळखला तर डॉक्सिसायक्लिनने बरा होतो, आणि खपलीला गुलाबी रंग फासून झाकले तर निदानच लांबते.

चावा झाल्यापासून पहिल्या दिवसातली लाली आणि सूज बहुधा ॲलर्जीची असते. दोन-तीन दिवसांनंतर जागा वाढत्या प्रमाणात दुखू लागली, गरम लागली, पू धरला, लाल रेघ वर सरकू लागली किंवा ताप आला, तर जंतुसंसर्ग झाला असे समजून डॉक्टरांकडे जावे. मुलांच्या बाबतीत याचे मूळ बहुतेकदा नखांत असते, तेव्हा नखे कापणे हा औषधाइतकाच महत्त्वाचा उपचार आहे. आपल्या सावळ्या त्वचेवर खाजवलेल्या पुळीचा काळा डाग महिनोन्‌महिने राहतो, तोही याच कारणाने. आणि मधमाशी, गांधीलमाशी किंवा मुंग्यांच्या दंशानंतर अंगभर पित्त उठले, ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, धाप लागली, चक्कर आली, तर लोशन आणि गोळी यांच्या नादी न लागता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तिथे जीव वाचवते ते मांडीत दिलेले ॲड्रेनलिनचे इंजेक्शन. मधमाशीची नांगी आत राहिली असेल तर ती जितक्या लवकर निघेल तितके बरे.

प्रतिबंधाबद्दल एवढेच सांगते की, मच्छरदाणी आणि खिडकीच्या जाळ्या यांवर केलेला खर्च कॅलामाइनचा खर्च वाचवतो. घरोघरी असलेले ओडोमॉस डायइथाइल बेंझामाइड या द्रव्यामुळे डासांना दूर ठेवते. ते चाव्याआधी लावायचे असते, झालेल्या गांधीवर त्याचा काही उपयोग नाही. दोन्ही एकाच कपाटात असल्याने घाईत अदलाबदल होते, म्हणून आमच्याकडे त्यांचे खण वेगळे आहेत.

किंमत पाहता तक्रारीला जागा नाही. शंभर मिलिलिटरची साधी बाटली शंभर रुपयांच्या आसपास मिळते, जनऔषधी केंद्रात त्याहून स्वस्त मिळू शकते, आणि चौघांच्या घरात एक पावसाळा सहज निघतो. महागड्या नावाच्या बाटलीत आणि या साध्या बाटलीत खाजेच्या दृष्टीने मला फरक आढळला नाही. ज्यांना डास चावल्यावर छोटी गांध येते आणि संध्याकाळपर्यंत जाते, त्यांनी कॅलामाइन आणि बर्फ यांपलीकडे काही आणू नये. ज्यांचे हातपाय सुजतात त्यांनी ते सेटिरिझिनच्या जोडीला ठेवावे आणि हायड्रोकॉर्टिसोनची छोटी ट्यूब डॉक्टरांना विचारून आणावी. मी पाचपैकी साडेतीन गुण देईन. एक गुण कापला तो आराम फार लवकर ओसरतो म्हणून, आणि अर्धा झाकणासाठी: उघडल्यावर काही दिवसांतच आट्यांमध्ये गुलाबी पूड वाळून बसते, झाकण पुरते लागत नाही आणि प्रवासाच्या पिशवीतले कपडे गुलाबी होतात. प्रत्येक वापरानंतर बाटलीचे तोंड ओल्या फडक्याने पुसावे, आणि गावी नेताना ती प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून उभीच ठेवावी.